गाणं थांबलं की दार तोडा

वानखडेकाका आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर जिन्यात, भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, तुम्ही आंघोळीत गाता काय?"

पुण्यात असा प्रश्न विचारून माणूस शाबूत घरी जातो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. माधवी शाळेत गणित शिकवते. ती थंडपणे म्हणाली, "नाही. आपली काही फर्माईश होती का?"

"फर्माईश नाही, नियम हाय. बाथरूममधी गॅसचा गिझर असंल तं गात राहायचं. गाणं थांबलं की बाहेरच्यानं दार तोडायचं."

काका मूळचे अकोल्याचे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्याकडे तेव्हा नवे पगार आणि नवे गिझर एकदमच आले होते. नळ सोडला की कढत पाणी! काका मात्र घरोघरी जाऊन गिझरखाली उभे राहायचे आणि मान हलवायचे. "चोर तरी पाय वाजवते, राजे हो. या विषारी वायूले वास नाही, रंग नाही. बंद खोलीत आग जळली का तो तयार होते, अन् माणूस नुसता झोपते."

गिझर स्वयंपाकघरामागच्या उघड्या ड्राय बाल्कनीत लावा, हा त्यांचा हट्ट. तिथे आमचा कॉम्प्युटर होता. "कॉम्प्युटरले आंघोळ लागत नाही, भाऊ," ते मला म्हणाले, "पण लावला तुम्ही त्यालेच हवेशीर जागी."

कॉम्प्युटर काही हलला नाही, पण माधवीला गाण्याचा नियम पटला. गाता येत नाही म्हणून ती आंघोळीत पाढे म्हणू लागली. आमच्या आणि काकांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या इमारतीतल्या एकाच उभ्या पोकळीवर, डक्टवर उघडायच्या. पलीकडून काका दाद द्यायचे, "वा! एकोणतीसचा होऊ द्या!" आणि मग स्वतः भजन सुरू करायचे. काकांचा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेली लोखंडी खाट. रोज पहाटे, न चुकता, डक्टभर.

शेवटी मी एक खोडी केली. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघराच्या खिडकीला थर्मोकोलचा जाड तुकडा ठोकून बसवला. वर चिकटपट्टी. सणाच्या दिवशी तरी कानांना सुट्टी!

नरक चतुर्दशीला माधवीने सगळ्यांना तेल लावलं. आधी मुलगा न्हाला, मग मुलगी, मग मी. मुलांचं डोकं दुखत होतं. पहाटे उठवल्याचा राग, असं आम्ही ठरवून टाकलं. घरातली बाई शेवटी, या रिवाजाने माधवी आत गेली. मी चकलीचा डबा उघडला. आतून तेराचा पाढा चालू होता. तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर... पाढा थांबला. आता फराळ मिळणार म्हणून मला बरंच वाटलं.

दारावरची बेल वाजली. काका, अंगाला उटणं फासलेले, कमरेला पंचा.

"भाऊ, आज वहिनीचा आवाज नाही?"

"येणार कसा?" मी खुशीत म्हणालो. "खिडकीला थर्मोकोल लावलंय."

काकांचा चेहरा असा उतरला की माझ्या हातातली चकली पडली. मला बाजूला सारून ते आत धावले. हाका मारल्या. आत फक्त पाणी पडत होतं. त्या हडकुळ्या म्हाताऱ्याने आणि मी मिळून खांदे मारले. तिसऱ्या धक्क्याला कडी उखडली. माधवी फरशीवर पडली होती. काकांनी गिझर बंद केला, तिला चादरीत गुंडाळून आम्ही बाल्कनीच्या हवेत आणलं. ती श्वास घेत होती. जेमतेम.

दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर दुपारी तिने डोळे उघडले. बाकावर माझ्याशेजारी काका बसले होते, अंगावर वाळलेलं उटणं.

"माह्या धाकट्या भावाले थंडी सोसत नव्हती," ते एकदम म्हणाले. "खडकीच्या क्वार्टरमधी खोली बंद करून शेगडी पेटवली त्यानं. आतमधी गात होता. मग थांबला. मले बरं वाटलं, भाऊ. लय बेसूर गाये तो."

ते अंगावरच्या उटण्याचे पोपडे नखाने काढू लागले.

"थर्मोकोल कबुतरं आत येऊ नये म्हणूनच लावलं होतं ना?"

"हो काका. कबुतरांसाठी."

घरी येताच थर्मोकोल फाडलं, गिझर ड्राय बाल्कनीत गेला, कॉम्प्युटर दिवाणखान्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाणीघरात उभा राहिलो. डक्ट गप्प. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गप्प. म्हातारा सगळं समजला होता.

मी जाऊन त्यांची बेल वाजवली. "काका, गाणं थांबलंय. दार तोडू का?"

त्यांनी दार उघडलं. "कबुतरं उडतील, भाऊ," ते म्हणाले आणि आत गेले. क्षणभराने आतून भजनाची लोखंडी खाट ओढली गेली.

पुढे काका मुलाकडे अकोल्याला गेले आणि तिथेच वारले. आमची खिडकी सताड उघडी असते. हल्ली मी आंघोळीत गातो, फार वाईट गातो. दम घ्यायला जरा थांबलो की माधवी बाहेरून दारावर थाप मारते.