हिंदीत सांगितलं तर दिसत नाही

आमच्या घरी प्रोजेक्टर आला तेव्हा त्याच्याबरोबर एक वायर, एक रिमोट आणि एक फाटकी पिशवी आली होती. किस्से नव्हते. ते कधी आणि कुठून जमले, देव जाणे! आता अशी परिस्थिती आहे की पुण्याचे नातेवाईक फोन करून आधी प्रोजेक्टरची तब्येत विचारतात, मग आमची.

प्रोजेक्टर सेकंडहँड बरं का. झाशीतला एक कोचिंग क्लास बंद पडला, त्याच्या सामानातून मी तो उचलून आणला. मीना, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "तिथे पोरं पास झाली नाहीत, इथे हा काय उजेड पाडणार?"

हेतू चांगला होता हो! आमच्या कॉलनीत मराठी घरं दोनच. एक आमचं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीचे, आधी लक्ष्मी गेटजवळ राहायचो. दुसरं सुभेदार भोसल्यांचं. ते बबीन्याच्या लष्करी छावणीतून रिटायर झाले आणि साताऱ्याला परत जायचं विसरूनच गेले. दर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या हॉलमध्ये जमायचं आणि मराठी नाटक नाहीतर सिनेमा बघायचा, असं ठरलं. शेजारचे तिवारीजी पण येतात. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही. मी एकदा विचारलं, बोअर नाही का होत?

"समझ में नहीं आता, इसीलिए तो अच्छा लगता है भैया. घर में तो सब समझ में आता है!"

आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माईची. माई माझी थोरली बहीण. उभा जन्म तिने मुलींच्या शाळेत हिंदी शिकवलं, पण घराचा उंबरा ओलांडला की तिची हिंदी चपलांबरोबर बाहेर राहायची. काचबिंदूने तिची दृष्टी गेली. खोलीत दिवा चालू आहे की बंद, एवढंही आता तिला कळत नाही. तरी शनिवार चुकवत नाही. शेजारी बसून कोणीतरी पडद्यावर काय चाललंय ते तिला सांगायचं. तिची अट एकच.

"मराठीत सांगा. हिंदीत सांगितलं तर मला दिसत नाही."

* * *

प्रोजेक्टर बसवण्याचा मक्ता अर्थातच भोसल्यांनी घेतला. फौजेत ते वायरलेसवर होते. त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याला येतं, अशी त्यांची समजूत! त्यांनी छताला भोकं पाडून प्रोजेक्टर उलटा टांगला. चालू केला तर चित्र खाली डोकं वर पाय.

"सेटिंग आहे, मेनूमध्ये असतं," भोसले म्हणाले. पण मेनूसुद्धा उलटाच दिसणार की! मग सुभेदार साहेब पडद्याकडे पाठ करून उभे राहिले, कमरेत वाकले आणि दोन्ही पायांमधून मेनू वाचायला लागले. मी रिमोट धरलेला. ते ओरडतायत, "वर घ्या, वर!" मी वर घेतो तर ते खाली जातंय, आणि त्यांच्या मिश्या लोंबकळतायत.

तेवढ्यात दार ढकलून तिवारीजी आत आले. त्यांनी बराच वेळ शांतपणे निरीक्षण केलं.

"सूबेदार साहब, आसन तो बढ़िया है. खाली पेट करना होता है क्या?"

प्रोजेक्टर त्याच दिवशी खाली उतरला आणि इस्त्रीच्या टेबलावर बसला. तो आजतागायत तिथेच आहे. छताच्या भोकांत मीना दिवाळीला आकाशकंदील टांगते.

* * *

माईला सिनेमा सांगणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मीना सांगायला बसली की माईला फक्त साड्या दिसतात. "हिरवी इरकली, काठ मोठे. गळ्यात ठुशी. बांगड्या मात्र खोट्या वाटतात." तिकडे पडद्यावर नवरा घर सोडून चाललाय, पण त्याच्या अंगावर इरकली नाही, त्यामुळे त्याचा उल्लेख नाही!

भोसले रिपोर्ट देतात. "एक पुरुष, वय तीसच्या आसपास, दारातून दाखल. हत्यार नाही. एक स्त्री, खिडकीपाशी. परिस्थिती तणावपूर्ण."

"अहो, ते प्रेम करतायत का भांडतायत?" माई वैतागून विचारते.

"अजून स्पष्ट नाही!"

तिवारीजींनीही एकदा हौसेने आघाडी सांभाळली. "बाई येते. बाई बसते. बाई रडते. बाई..." मग बराच वेळ शब्द सापडेना. शेवटी हात जोडून म्हणाले, "बाई चली गयी, माईजी. माफ करना."

सांगत नाही ती एकटी आमची रिद्धी. माझी लेक, आठवीत. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत. लहानपणी एकदा ती मराठीत काहीतरी बोलली आणि भोसले खो खो हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं, माणूस मोकळा आहे. पण त्या दिवसापासून पोरीने मराठीचं दार लावून घेतलं. माई दर शनिवारी तिला विचारायची, "आज तू सांगतेस का गं?"

"मुझसे नहीं होगा, माई आत्या. सब हँसेंगे."

माई खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसायची. मला फार वाईट वाटायचं.

* * *

सुरुवातीला पडदा म्हणजे मीनाची पांढरी चादर होती. पंखा लागला की नायिकेला दिवस गेल्यासारखं दिसायचं आणि बंद केला की पोट लगेच उतरायचं. शेवटी मी ठरवलं, भिंतच पांढरी करून घेऊ. चिरगाँवहून एक पुताईवाला येतो, त्याला बोलावलं आणि बजावलं, "भैया, एकदम सफेद चाहिए."

त्याने मन लावून काम केलं. शनिवारी सिनेमा लावला तर सगळी नटमंडळी आजारी! चेहरे निळसर, ओठ निळसर. नवरीसुद्धा विहिरीतून काढल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुताईवाल्याला विचारलं तर तो अभिमानाने म्हणाला, "बाबूजी, नील डाली है. बिना नील के सफेदी मैली लगत है!"

त्या शनिवारी सांगायला मी बसलो होतो. मी प्रामाणिकपणे सांगितलं की सगळे निळे दिसतायत.

माईने थोडा विचार केला. "मग कूलर बंद करा की रे! त्यांना किती गार लागत असेल."

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे काय, तर मीनाचं शिलाई मशीन, माझं जुनं पेन, विळी आणि भोसले आणून ठेवतात तो त्यांचा स्क्रू ड्रायव्हर. त्या वर्षी प्रोजेक्टरही पाटावर बसला. पूजा माईची. ती हाताने चाचपून प्रत्येकाला हळद-कुंकू लावते.

संध्याकाळी सिनेमा लावला तर अख्खा पडदा लालभडक आणि धुरकट! भोसल्यांनी लगेच निदान केलं. "आतलं रंगांचं चक्र गेलं. उघडावा लागेल." स्क्रू ड्रायव्हरची नुकतीच पूजा झालेली, त्याला स्फुरण चढलं होतं. त्यांनी प्रोजेक्टरचा कण न्‌ कण सुटा केला, फुंकर मारली, परत जोडला. एक स्क्रू उरला. चित्र लालच.

तिवारीजी नेहमी प्रोजेक्टरच्या मागे बसतात. त्या दिवशी ते सहज पुढून गेले आणि थबकले. "अरे, इसकी आँख में तो सिंदूर भरा है!"

सगळ्यांनी माईकडे पाहिलं. ते पाहणं तिला बरोबर ऐकू आलं.

"मला काय माहीत तो डोळा आहे ते?" माई म्हणाली. "पुढून गोल लागलं हाताला. कपाळ समजून लावलं!"

उरलेला स्क्रू अजून देवघरात आहे.

* * *

आता तिवारीजींचा किस्सा. ते हयात नाहीत असं नाही, शेजारीच राहतात, पण हा किस्सा त्यांच्यासमोर सांगायचा नाही असा मीनाचा हुकूम आहे.

प्रोजेक्टरचा नियम असतो. रिमोटने बंद केला की आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, दिवा थंड करतो. तोवर मेन स्विचला हात लावायचा नाही. पण तिवारीजींना विजेच्या बचतीचं व्यसन! कोणाच्याही घरातून निघताना ते वाटेतली सगळी बटणं बंद करत जातात. एका शनिवारी नाटक संपलं, तिवारीजी उठले, "अच्छा, राम राम" म्हणाले आणि टप्‌! पुढच्या शनिवारी दिवा लागलाच नाही. नवा दिल्लीहून यायला बरेच दिवस गेले. तोवर आम्ही शनिवारी एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

माणूस मनाने हळवा. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी दर शनिवारी जलेबी आणायचं व्रत घेतलं, आणि स्विचजवळची खुर्ची स्वतःकडे घेतली. कोणालाही तिथे फिरकू देत नाहीत. मीनानेही नियम केला की पंखा थांबेपर्यंत जागचं कोणी उठायचं नाही, जलेबी तेव्हाच वाटायची. खरं सांगतो, आमच्या शनिवारचा सगळ्यात गोड भाग तोच.

गंमत पुढे आहे. एकदा भर नाटकात लाइट गेली. इन्व्हर्टरवर ट्यूब लागली आणि बघतो तर तिवारीजी खुर्चीवर उभे, दोन्ही हात वर.

"हमने कछू नईं करो! हमने कछू नईं करो!"

* * *

माईची एक जुनी रुखरुख होती. लहानपणी ती वडिलांबरोबर ग्वाल्हेरला एक मराठी सिनेमा बघायला गेली होती. भाऊ बहिणीशी भांडून घर सोडून जातो. ती रोज दारात दिवा लावून त्याची वाट बघते. तो येतो का? ते माईला कधी कळलंच नाही. झाशीची गाडी चुकेल म्हणून वडिलांनी शेवटाआधीच तिला उठवलं. आयुष्यभर तिने येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी माणसाला विचारलं, पण तो सिनेमा पाहिलेला कोणी भेटला नाही. भोसले म्हणाले, मोबाईलवर शोधून सांगतो. माई कडाडली, "सांगू नका! मला बघायचाय."

मागच्या मे महिन्यात भोसल्यांच्या पुतण्याने साताऱ्याहून तो सिनेमा पेनड्राइव्हवर पाठवला. शनिवारी सगळे लवकर जमले. माई नवी साडी नेसून बसली होती. कूलर घोंघावत होता, इन्व्हर्टरची बॅटरी आदल्याच दिवशी बसली होती, आणि मी माईशेजारी बसायला निघालो.

"तू नको," माई म्हणाली. "तू शेवट आधीच फोडतोस. आज रिद्धी सांगेल."

रिद्धीने माझ्याकडे पाहिलं, मग भोसल्यांकडे. भोसल्यांनी मिशीसकट तोंडावर हात धरला आणि मान हलवली. पोर जाऊन बसली.

आधी एकेक शब्द. "घर आहे. अंगणात गाय आहे. भाऊ... गुस्सा आहे." माई "हं, हं" करत होती. मग वाक्यं लांब झाली. गाडीला बैल कसे जुंपले, भाऊ मागे वळून कसा बघत नाही, बहीण पदराने डोळे कसे पुसते. अडलं तिथे हिंदी शब्द घालून पोर पुढे गेली. कोणी हसलं नाही. मीना साडीचा रंगसुद्धा बोलली नाही!

शेवट जवळ आला. पडद्यावर संध्याकाळ झाली, बहिणीने दारात दिवा ठेवला. माईने रिद्धीचा हात धरला.

आणि लाइट गेली.

पडदा काळा. आवाज बंद. कूलरही थांबला. तिवारीजींचे दोन हात अंधारात वर गेले असणार, पण ते चकार शब्द बोलले नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रिद्धीचा आवाज आला.

"आता सगळे गप्प आहेत, माई आत्या. कोणी बोलत नाहीये. ती एकटी बसली आहे."

माई म्हणाली, "हं."

"दिवा हलतोय. हवा आहे ना, म्हणून. ती हात असा धरते, दिव्याच्या बाजूला. रस्त्यावर कोणी नाही." पोर थांबली. मीनाने माझा दंड घट्ट धरला होता. "आता... दुरून ई-रिक्षा येते आहे."

बैलगाडीच्या सिनेमात ई-रिक्षा! एरवी भोसले खुर्चीवरून खाली पडले असते. ते हललेसुद्धा नाहीत.

"रिक्षा थांबली. भाऊ उतरला. म्हातारा झालाय, केस सफेद आहेत. हातात पुडा आहे. जलेबीचा. तो दारात उभा आहे, आत यायला त्याला शरम वाटतेय. ती उठली. ती काही विचारत नाही. म्हणते, पाय धुऊन घे, चहा ठेवते." मग बारीक आवाजात, "तो आत आला. संपला."

 अंधारात तिवारीजी नाक ओढत होते, आणि त्या दिवशी त्यांना मराठी कशी समजली ते मी अजून विचारलेलं नाही.

मग लाइट आली. ट्यूब लागली, कूलर परत घोंघावला. मी प्रोजेक्टर चालू करायला उठलो. सिनेमा कुठे थांबला होता ते शोधून पुढचं लावावं, म्हणून रिमोट उचलला.

"राहू दे रे," माई म्हणाली. रिद्धीचा हात तिने अजून सोडला नव्हता. "परत कशाला लावतोस? शेवट बघितला मी. कूलर बंद होता तेव्हा."