दत्तूचं खरं वय

दहाव्याला, रविवारी सकाळी साडेआठ वाजता, बेलापूरला प्रवरेच्या घाटावर शंभरेक माणसं होती. त्यांच्यासमोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधला होता आणि दत्तूच्या फोटोखाली वय छापलं होतं, छप्पन्न. तो आकडा मी दिला होता. फ्लेक्सवाल्याने फोनवर विचारलं तेव्हा मी क्षणभरही थांबलो नाही. पाथर्डीकडून आलेली दत्तूची धाकटी बहीण यमुनाताई फ्लेक्सपुढे उभी राहिली आणि आकड्यावर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्ये कुनी लिव्हलं? मीच अठ्ठावन्नची हाय. दादा माझ्याहून दोन वर्सांनी मोठा. मेल्यावर तरी मानसाला त्याचं वय द्या की!" दोघंतिघं हसले. सगळा जन्म हिशेबाच्या नोकरीत घालवलेला मी चपलांकडे बघत राहिलो.

कागदावर आम्हा दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, एक जूनचा. वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना पहिलीला बसेल असं साल काढायचं आणि पुढे एक जून लिहायचं, ही तेव्हाची रीत. दत्तूचे आईवडील ऊसतोडीला आले आणि बेलापुरातच राहिले. त्यामुळे तो शाळेत आला तोच उशिरा. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ओढ्याला पाणी असलं की तो मला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा. सहा वर्षांचं पोर सहा वर्षांच्या पोराला खांद्यावर घेतं का? पन्नास वर्षं ही आठवण मी कौतुकाने सांगत आलो, पण तिचा हिशेब एकदाही केला नाही.

पुढे त्याने पेठेत सायकलचं दुकान टाकलं. कचेरी सुटल्यावर मी तिथे पेपर घेऊन बसायचो. दुकानाच्या पत्र्याच्या दाराला आतून त्याने खडूने दोन रकाने आखले होते, 'मोठे' आणि 'बारके'. पेपरात ज्याचं वय छापून येईल तो आमच्या वयाशी ताडून एका रकान्यात जायचा. "क्रिकेटच्या संघात आपल्याहून मोठा एक जरी गडी खेळतोय ना भाऊसाहेब, तवर आपन तरुन," हा त्याचा नियम. आमच्या चाळिशीच्या आसपास तो शेवटचा गडी निवृत्त झाला. मग जिल्ह्याला आलेला कलेक्टर बारका निघाला, मग न्यायाधीश, मग एक मुख्यमंत्री. 'बारके' भरत गेले आणि 'मोठे' पुसले जाऊ लागले. दत्तूला त्याची मजा वाटायची. मला मात्र ते लागायचं. घरी आरशासमोर जे कळत नव्हतं ते त्या पत्र्यावर कळायचं...

जायच्या तीन आठवडे आधी तो म्हणाला, "भाऊसाहेब, माळ्यावर चढताना दम लागतोय. नगरला दाखवून येऊ का? येतो का संगं?" माझ्या हातात पेपर होता. आमच्याच सालचा एक मंत्री कुठलासा गड चढून आला होता, त्याचा फोटो होता. मी तो दत्तूपुढे धरला. "हा बघ, छप्पन्नचा. अख्खा गड चढला. आणि तुला चार पायऱ्यांत दम?" तो हसला. "मग मंत्रीच व्हतो, काय!" विषय तिथेच संपला. आता खरं सांगतो. मला त्याची काळजी वाटली नाही, स्वतःची वाटली. दत्तू छप्पन्नाव्या वर्षी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला असता तर दुसरा नंबर माझा होता. माझं वय राखायला मी त्याला थांबवलं, आणि तेही चुकीच्या आकड्यावर.

घाटावरून परतताना मी त्याच्या बायकोला, शांतावहिनींना, विचारलं, "त्याला माहीत होतं का हो?" त्या म्हणाल्या, "व्हय की. मी लई डाव म्हनले, सांगा त्यांना. तर म्हनायचे, न्हाई, भाऊसाहेबाला जोडीला कुनीतरी लागतंय. एकट्याला भ्या वाटतं त्याला." चार वर्षांनी मोठा माणूस. मी त्याला जन्मभर अरे-तुरे केलं आणि तो मला भाऊसाहेब म्हणत राहिला.

परवा वहिनींनी दुकान उघडून दिलं. पंक्चरच्या सामानाच्या डब्यात खडूचा तुकडा अजून होता. दार आतून लोटलं. 'मोठे'मध्ये तीनच नावं उरली होती, तिन्ही त्याच्या अक्षरात. खाली जागा होती. मी लिहिलं, 'दत्तूदादा, साठ'. मग समोरच्या 'बारके'त, त्याच ओळीत, माझं नाव.