तळघरातला अडकित्ता

गेल्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, इथे अमेरिकेत नेपरव्हिलला, मला ह्यांच्या अडकित्त्याचा आवाज आला. हे जाऊन तीन वर्षं झाली... आणि अडकित्ता साताऱ्याला कपाटात, मीच फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

बाहेर बर्फ पडत होता. आमची नात मुक्ता ट्रेनने शिकागोला ऑफिसात गेलेली, सकाळी तिला स्टेशनला सोडायला गेलेला नातजावईही परतलेला दिसला नव्हता. घरात मी एकटी, मेथी निवडत बसले होते. इथली मेथी फार कोवळी मिळते, पण वास नाही... असो.

कट कट कट... कट.

तीन भराभर, मग जरा थांबून एक. पन्नास वर्षं जेवण झाल्यावर मी हेच ऐकलंय. चौथ्या वेळी हे सुपारी नीट फिरवून घ्यायचे, म्हणून तो थांबा. दुसऱ्या कुणाचा हात असा चालायचाच नाही.

आवाज येत होता जमिनीतल्या जाळीतून. इथे घर गरम ठेवायला खालून वारा सोडतात, त्याची ही जाळी. मी कान लावला तर आवाज आणखी लांब गेल्यासारखा झाला... आणि त्या आवाजामागे कुणीतरी छाती भरून श्वास घेतल्यासारखं.

मुक्ताला काही बोलले नाही. म्हातारीला भास होतात म्हणेल आणि डॉक्टरकडे नेईल. बुधवारी परत दोनला तेच. मग माझी खात्री पटली की ह्यांचं काहीतरी मागे राहिलंय.

गुरुवारी बशीत दहीभात घेतला, वर एक सुपारी ठेवली आणि बशी जाळीपाशी नेली. आवाज सुरू झाल्यावर वाकून हळूच विचारलं, "अहो... काय राहिलंय तुमचं? सांगा ना."

आवाज खाडकन बंद झाला. आणि खालून जिन्यावर पावलं वाजली.

तळघराचं दार उघडलं. दारात नातजावई, तोंड पांढरंफटक. हा मुक्ताला सोडून मागच्या गॅरेजमधून आत येतो आणि थेट खाली उतरतो, हे मला कुठे माहीत... त्याला मराठी येत नाही, मला त्याची भाषा. शेवटी त्याने मुक्ताला फोन लावला, भराभर काही सांगितलं आणि तिला स्पीकरवर घातलं.

"आजी, तू जाळीत बोललीस का? त्याला आत्ता गाण्यात एका बाईची कुजबुज ऐकू आली. घरात भूत आहे म्हणतोय."

"आणि मला तुझे आजोबा ऐकू येतायत," मी म्हटलं, "त्याचं काय?"

आता हा कोण ते सांगते. हा रेमी, मी रेमीराव म्हणते. फ्रान्सचा. सतराव्या वर्षी तिकडे स्वतःच्या आजीच्या गॅरेजात बसून नाचायची गाणी करायला लागला, त्याला हाउस म्हणतात. ते हाउस जन्मलं शिकागोत, म्हणून हा इकडे आला... कंदी पेढा खायला माणूस साताऱ्याला येतो तसा.

पंधरा वर्षं हेच केलं त्याने. बंद पडलेले कारखाने, तळघरं, तिथे पडद्यामागून वाजवायचं. गाण्याच्या तबकडीवर चिकटवलेला नुसता कोरा पांढरा कागद, ना नाव ना फोटो. लोक नाचून घरी जातात आणि कुणाच्या तालावर नाचलो ते कुणालाच ठाऊक नसतं. ओळखीचे चार दर्दी सोडले तर त्याला कुणी विचारत नाही.

हे शेवटचं गाणं, मुक्ता म्हणाली. बसलं नाही तर मशिनं विकून बर्फ सरल्यावर मित्राच्या दुकानात कामाला लागणार.

आणि तो ताल ह्यांचाच होता. लग्नाआधी रेमीराव साताऱ्याला आला होता, साबणाच्या वडीएवढी डबी घेऊन. जाईल त्या घरातले आवाज भरून घ्यायची त्याची पद्धत. ओसरीवर हे सुपारी कातरत बसलेले... ते सगळं डबीत राहिलं. श्वाससुद्धा ह्यांचाच.

मुक्ता फोनवरूनच म्हणाली, "आजी, तू नको म्हणालीस तर तो पुसून टाकणार आहे." रेमीराव माझ्याकडे बघत उभा होता, बशीतल्या दहीभाताकडेही.

परक्या माणसांनी ह्यांच्या सुपारीवर नाचायचं... मी बशीतली सुपारी उचलून बोटांत फिरवली. मग म्हटलं, नाचू दे. पण कागद कोरा नको. त्यावर ह्यांचं नाव पाहिजे.

रेमीरावाचा नियम मोडत होता. त्याने बराच वेळ हनुवटी खाजवली आणि मान डोलावली. चौथीपर्यंतच्या माझ्या अक्षरात मी कागदावर नाव लिहून दिलं. मग मुक्ताकरवी म्हणाला, आजी, एकदा बोलून पण दाखवा, गाण्यात घालतो.

आता पंचाईत. ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच. एरवी 'अहो'. आणि अहो म्हटलं की ह्यांच्या तोंडात सुपारी, त्यामुळे उत्तर एकच यायचं... "हं."

खाली तळघरात माइकसमोर बसले. उखाणा नाही, काही नाही. डोळे मिटून नुसतं म्हटलं, "दत्तात्रय."

त्याने ते परत लावलं. माझा आवाज आला, "दत्तात्रय." मग शांत. आणि मग, अगदी माइकजवळ... "हं."

रेमीरावाने तीनदा ऐकलं. अडकित्त्याचं रेकॉर्डिंग बंद होतं, त्याने मला दाखवलं. मुक्ता म्हणते तुझाच श्वास असेल. असेलही. पण माझ्या तोंडात काही सुपारी नव्हती.

रेमीराव आता मशिनं विकत नाही म्हणतो. तो "हं" तसाच ठेवलाय गाण्यात. मी रोज दोन वाजता जाळीपाशी खुर्ची घेऊन बसते, आता भीती वाटत नाही. एवढंच वाटतं की नाव घ्यायला मीच पन्नास वर्षं उशीर केला... ह्यांनी ओ द्यायला क्षणाचाही केला नाही.