बाळ्या आणि टेंभुर्णीचा स्टँड

बाळ्या गेला त्या दिवशी त्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, शैलाला फोन करा."

शैला म्हणजे बाळ्याचं लग्नाआधीचं प्रेम.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

बाळ्या माझा कॉलेजपासूनचा दोस्त. सोलापुरात चादरीच्या दुकानात सेल्समन. चाळीस चादरी उलगडून दाखवायचा. गिऱ्हाईक एकही न घेता गेलं, तरी हसत घड्या घालत बसायचा.

असा माणूस प्रेमात काय दिवे लावणार?

शैला लग्न होऊन टेंभुर्णीला गेली. त्या लग्नात यानं पंगतीला वाढलं.

"जिलेबी मीच वाढली बे." हे वर अभिमानानं!

मग ते पिक्चर आलं. नाव सांगत नाही, फुकट पब्लिसिटी कशाला?

शेवटच्या सीनमध्ये हिरोला जुनी प्रेयसी भेटते. कडेवर पोर. तिच्या संसारात लुडबुड नको म्हणून हा म्हणतो, माफ करा, ओळखलं नाही. मग पाठ फिरवून एकटाच रडतो.

बाळ्यानं हे अकरा वेळा बघितलं.

बाराव्या वेळी नव्या नवरीला घेऊन गेला. लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता.

शेवटच्या सीनला हा ढसाढसा. बाहेर आल्यावर सुनंदावहिनींनी एवढंच विचारलं, "नाव काय तिचं?"

दुसरा कोणीही म्हणाला असता, डोळ्यात कचरा गेला.

यानं नाव, गाव, सासर, सगळं सांगितलं.

तेव्हापासून शैला त्या घरात राहायलाच आली. आमटी खारट झाली की वहिनी म्हणायच्या, "शैलानं चांगली केली असती, न्हाय का?"

बाळ्या भुरका मारून म्हणायचा, "व्हय."

मी त्याला म्हणायचो, "तुझा हिरो पळपुटा आहे."

"तुला प्रेमातलं काय कळतंय बे? आठवत असून विसरल्यासारखं करायला जिगर लागते."

तीन वर्षांपूर्वी ती जिगर दाखवायची वेळ आली. दुकानाच्या कामावरून परतताना टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर शैलाच समोर आली.

"बाळू न्हवं का तू?"

हा म्हणाला, "माफ करा, ओळखलं नाही."

चार तास उशिरा घरी पोचला आणि वहिनींना फुशारकीनं हे सांगितलं.

"पिच्चर घाला चुलीत!" वहिनी कडाडल्या. "एवढ्या वर्षांनी आपणहून हाक मारली त्या बाईनं. काय वाटलं असंल तिला?"

बाळ्याचा चेहरा पडला तो पडलाच. पुन्हा त्यानं पिक्चरचा विषय काढला नाही.

एकदाच मला म्हणाला, "लेका, तिला खरंच वाटत असंल का, मी विसरलो म्हणून?"

फोन करायची मात्र हिंमत झाली नाही. आणि मग एके सकाळी दुकान उघडता उघडता गेलाच.

"शैलाला सांगा," वहिनी म्हणाल्या, "त्यांनी ओळखलं व्हतं म्हणावं."

"नंबर?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. 'शैला टेंभुर्णी' म्हणून सेव्ह.

"मीच मिळवला. पण मी फोन केला तर तिला वाटंल, भांडायला केलाय."

मी फोन लावला. आयुष्यभर पेपरात लोकांची टिंगल करणारा मी, मला जेमतेम दोन वाक्यं जमली. बाळू गेला. आणि त्यानं तुम्हाला ओळखलं होतं.



ती म्हणाली, "माहीत हाय की मला. सोलापूरची गाडी म्होरं लागलेली, आन् ह्यो करमाळ्याच्या गाडीत जाऊन बसला. वळख नसलेला माणूस असं करतोय व्हय?"

मी वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. सकाळपासून त्या कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला बसायला सांगत होत्या.

"मला म्हणाले, गाडी पंक्चर झाली," त्या म्हणाल्या.

आणि फस्सकन हसल्या. घर भरलेलं, बाहेर तयारी चाललेली, आणि ही बाई तोंडाला पदर लावून हसतेय.

त्या हसण्याचं रडणं कधी झालं, ते मला कळलं नाही.

बाळ्या, भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

लई आठवण येते बे. जिथं असशील तिथं नीट राहा.