दिनेशच्या गाडीतला पिवळा दिवा

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, मग मानलं तुला! माझ्याकडं अशा गोष्टी सुकटीसारख्या साठतात. कितीबी झाकून ठेवा, शेजारी वास जातोच.

आता माझ्या दिनेशची गाडी घे. नागावात पर्यटकांना फिरवतो. एका सकाळी गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला नि लेक माझ्यावरच गुरगुरला, "आये, तू काय केलंस?"

अरे वा! मागं एक गिऱ्हाईक सुनेला उलटं बोललं, म्हनून त्याच्या सीटखाली सुके बोंबील ठेवले व्हते. ते मी न्हाय कधी म्हटलंय? पन म्हनून काय दिवे बी मीच लावते?

*

सून निशा म्हनाली, दृष्ट लागली. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी वरनं नेली. लिंबाचा चेंदा, दिवा तसाच!

दिनेश म्हनतो, "आयेनं सडकं लिंबू दिलं असंल!"

*

मग दिनेशनं गाडीला बिघाड सांगनारी एक डबी लावून मोबाइलवर बघितलं. म्हनं, ऑक्सिजन सेन्सर गेला.

"ह्यो काय करतो रे?"

"धूर जायच्या नळीत बसतो. धुरात हवा किती उरली ते इंजिनाला सांगतो."

म्हंजे चुगलखोरच की!

असे दोन असतात, एक पुढं, एक मागं. मोबाइल म्हनाला मागचा. ह्यानं बदलला पुढचा! दिवा परत हजर. नि हा वाडीभर सांगत सुटला, "म्हातारीनं वायर ओढली." दुकानात बाया तोंडाला पदर लावून हसल्या रे! ह्या वयात असला आळ!

*

मागचा गंजून बसलेला, पाना फिरंना. इंजिन जरा गरम केलं, तेल मारलं, बोटं सोलली.

मी म्हटलं, "पर्यटकांच्या बोटी वाळूवर ओढायला गाडी खाऱ्या पान्यात कोन घालतं? मी?"

शेवटी सेन्सर निघाला. नवा बसवला, दिवा गेला.

"आता वाडीत सांग, आयेनं कायबी केलं न्हवतं."

"जाऊ दे ना आये, त्यात काय येवढं!"

जाऊ दे?

*

दुसऱ्या दिवशी दिवा परत पिवळा! दिनेश गाडीखाली. मोबाइल म्हनतो, सगळं ठीक. चावी काढली, दिवा हायच! बॅटरीची वायर सोडली, तरी दिवा हायच! अख्खी वाडी जमली.

निशानं वाकून दिव्यावरच्या काचेला नख लावलं. "अहो, ही तर माझी पिवळी टिकली!"

सगळे माझ्याकडं वळले. मी आपली पडवीत कोळंबी सोलत व्हते. दात काय काढतोस? गोष्ट संपली, चल, नीघ आता!