नको म्हणणाऱ्या आजीची गोळी

आमच्या वृद्धाश्रमात टॅब आला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि टॅबला हळदकुंकू लावलं गेलं. आश्रम चिखलीच्या बाहेर, मी तिथली सिस्टर. कुंकवाचा कण काचेवर पडला तर पुण्याहून आलेले संस्थेचे सर असे कळवळले, जसं तिखट त्यांच्याच डोळ्यात गेलं. म्हाताऱ्यांच्या दुखण्यानं ते इतके कळवळलेले मी तरी पाहिले नाहीत.

कुणाला कोणती गोळी दिली ते टॅबवर कसं टाकायचं, हे सरांनी आम्हाला शिकवलं. रोजच्या गोळ्यांचं सोपं होतं. भानगड होती ती एसओएसची, म्हणजे दुखलं-खुपलं तरच द्यायच्या गोळीची. ती देण्याआधी टॅब विचारणार, गोळी हवी का, आणि दुखणं दहापैकी किती? 'नको' दाबलं की त्या माणसाचं पान चार तास बंद. का, तर आम्ही बायांनी म्हाताऱ्यांच्या घशात उगाच गोळ्या कोंबू नयेत. जसा आम्हाला तोच एक धंदा!

दहापैकी किती, याची तर मजाच झाली. एका आजोबांची हयात बाजार समितीत धान्य मोजण्यात गेलेली. ते नवापासून सुरू करत, मी भुवया चढवल्या की सातावर येत आणि शेवटी साडेसहावर सौदा पक्का करत. टॅबला साडेसहा समजत नव्हतं.

पण खरी पंचाईत झाली वरवट बकाल गावच्या आजीची. तिच्या खुब्याचं हाड मोडून आत रॉड टाकलेला. कूस बदलताना ओठ दाबायची, पण गोळी विचारली की म्हणायची, नको. आता आमच्याकडे पहिल्या खेपेला हो म्हणतं कोण? पोहे पुढे केले तरी माणूस आत्ताच जेवलो म्हणतो, दुसऱ्यांदा राहू द्या म्हणतो आणि तिसऱ्यांदा प्लेट हातात घेतो. गोळीचंही तसंच होतं. मी आजीला तीनदा म्हणायची, मग ती हात पुढे करायची. सरांनी मात्र मीटिंगमध्ये बजावलं की पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे दबाव, पहिलंच उत्तर टाका. मी कुठली ऐकते! पण दुसऱ्या पाळीच्या पोरींना नोकरीची भीती. त्या पहिल्या 'नको'लाच बोट दाबून मोकळ्या व्हायच्या आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

महिना सरला आणि सर रिपोर्ट घेऊन आले. आजीच्या नावापुढे माझ्या पाळीतले होकार सोडले तर नकारच नकार. सर खुशीत होते. तुमचे होकार दबावाचे, गरजच दिसत नाही, डॉक्टरांना सांगून गोळी बंद करू, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, सर, चला, तुम्हीच विचारा.

सर खाटेपाशी गेले आणि छान गोड आवाजात विचारलं. आजी म्हणाली, नको बाप्पा. सरांनी माझ्याकडे बघत टॅबवर 'नको' दाबलं. मी म्हटलं, आता अजून विचारा. दुसऱ्यांदा आजीनं त्यांनाच चहा घेतला का विचारलं. तिसऱ्यांदा तिनं हात पुढे केला.

"द्या मंग. लय दुखून राह्यलं."

सरांनी घाईघाईनं टॅब चाचपला. पान बंद! पुण्याला फोन लावला, तिकडून उत्तर आलं की चार तासांशिवाय उघडत नाही. आजीचा हात तसाच. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि पाकिटातून गोळी काढून त्या हातावर ठेवली. सर कपाळावरचा घाम पुसत होते. त्यांचा जीव टॅबात अडकला होता की आजीत, कोण जाणे, पण ते खाली वाकले.

"आजी, पहिल्यांदाच हो का नाही म्हणालात?"

आजीनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि पेला माझ्याकडे दिला. मग अगदी समजुतीच्या सुरात त्यांना म्हणाली,

"लेकाच्या घरी मी पयल्या खेपेलेच हो म्हणत होती, बाप्पा. म्हणून तं इथं आली."