विहीणबाईंच्या नावाची सायकल

सुलोचनाबाई माझ्या विहीणबाई. माझा मुलगा केतन, त्यांची मुलगी चारुता. घर सिडनीच्या स्कोफिल्ड्स या उपनगरात. त्या घरात आम्ही दोन म्हातारी माणसं राहतो, एक व्याही आणि एक विहीण. मी रेल्वेच्या गँगमध्ये छत्तीस वर्षं रूळ सांभाळले, शेवटी मुकादम झालो. त्या हिंगोलीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या, बत्तीस वर्षं. पाच गावं त्यांच्याकडे. लशीची पेटी खांद्याला अडकवून सगळीकडे पायी. पेटीतला बर्फ वितळायच्या आत शेवटचं मूल टोचून व्हायला हवं, म्हणून चाल भरभर. ती चाल अजून आहे. दुकानात त्यांच्याबरोबर गेलं की मला धाप लागते.

चौऱ्याण्णव साली जिल्हा परिषदेने नर्सबाईंसाठी सायकली पाठवल्या. यांच्या नावाची एक आली. कागदावर सही यांनी केली. चालवता येत नव्हती आणि शिकवणार कोण? केंद्रातल्या पुरुष कर्मचाऱ्याने ती नेली आणि त्याच्या बदलीबरोबर सायकलही गेली. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भाजी निवडताना.

सायकल त्या बासष्टाव्या वर्षी शिकल्या. नात नुपूर हिची जुनी सायकल गॅरेजात पडून होती. घरासमोरच्या बंद गल्लीत नुपूर पुढे उभी राहून ओरडायची, "आजी, लुक अहेड! चाकाकडे नको ना बघू!" त्या तीनदा पडल्या. एकदा सलवारीचा काठ साखळीत अडकला. तो कात्रीने कापला आणि तशाच पुन्हा बसल्या. मी पायरीवर बसून बघत होतो. पडल्यावर इकडेतिकडे कोणी पाहिलं का, हे त्या बघत नसत. सायकलीला काय झालं ते बघत.

पुढच्या एप्रिलच्या सुट्टीत स्पेनला जायचं, असं केतनने ठरवलं. तिथे दक्षिणेत जुन्या रेल्वेच्या मार्गावर सायकलींसाठी रस्ता केलेला आहे. छत्तीस किलोमीटर, तीस बोगदे, बाजूला डोंगर आणि ऑलिव्हची झाडं. मोटारगाडी एकही नाही. त्याने व्हिडिओ लावला. बोगदे खोदले, पूल बांधले, पण त्या मार्गावर गाडी कधी धावलीच नाही, असं त्यात सांगत होते. मी त्याला थांबवायला सांगितलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. किती गँगा राबल्या असतील तिथे.

विहीणबाई म्हणाल्या, "बांधलंय ना कुणीतरी? मग वापरायला पाहिजे. मी येणार."

"आई, तुझ्यासाठी इलेक्ट्रिक सायकल घेऊ," चारुता म्हणाली. "किंवा तू सामानाबरोबर गाडीने पुढच्या गावाला ये. तिथे भेटू."

"मी सामान आहे का?"

शेवटी केतनने तोडगा काढला. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला सिडनीपासून पाच तासांवर जायचं. तिथेही बंद पडलेल्या रेल्वेवर सायकलरस्ता आहे. अठरा किलोमीटर जायचं, अठरा यायचं, तेवढेच छत्तीस. आईंनी साध्या सायकलीवर ते केलं तर स्पेनलाही साधी सायकल. नाही जमलं तर इलेक्ट्रिक, आणि वाद नाही.

"मान्य," विहीणबाई म्हणाल्या. "पण चालायचं नाही. पाय खाली टेकायचा तो फक्त फाटकाशी." त्या रस्त्यावर कुरणांची सहा फाटकं आहेत, ती उघडून बंद करावी लागतात. ही जास्तीची अट त्यांनीच घातली.

तयारी माझ्याकडे होती. मोटरवेच्या कडेने सायकलींचा वेगळा रस्ता जातो, तिथे सकाळी सहाला. आधी आठ किलोमीटर, मग बारा, मग वीस. माझा गुडघा गेलेला, म्हणून मी केतनच्या इलेक्ट्रिक सायकलवर मागून.

"व्याहीबुवा, दमला असाल तर बसा हो बाकावर. बॅटरीला दम लागला असेल."

"तुम्ही बोलण्यात हवा घालवू नका. चढावर लागेल."

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी तीस केले. मी म्हणालो, पुरे, तयार आहात. माझ्या तोंडून एवढं कौतुक गँगमधल्या कोणी ऐकलेलं नाही.

शुक्रवारी रात्री तिथल्या मॉटेलात उतरलो आणि शनिवारी सकाळी आठला आम्ही दोघं सायकलींवर निघालो. झाडांवर मॅगपाय पक्ष्यांची घरटी होती. या दिवसांत ते डोक्यावर झेप घेतात, म्हणून नुपूरने दोघांच्या हेल्मेटवर प्लास्टिकचे काटे बांधले. विहीणबाईंनी आरशात पाहिलं. "साळिंदर," म्हणाल्या आणि निघाल्या.

अठरा किलोमीटर आम्ही एक तास दहा मिनिटांत तोडले. त्या पुढे, मी मागे. माझ्या हँडलवर छोटा पडदा आहे, त्यावर वेग दिसतो. मी तोच बघत होतो. सतरा, अठरा, वीस. शेवटच्या जुन्या फलाटाशी त्या उतरल्या. चेहरा फुललेला. "पाय तयार झाले हो!" थर्मासमधला चहा घेतला. सोबत पाण्याची एक बाटली होती, ती अर्धी प्यायल्या.

मी फलाटाच्या कडेला उभा राहिलो आणि मला रस्त्यालगतचा चर दिसला. दोन दिवस पाऊस झाला होता. चरातलं पाणी आम्ही आलो त्याच दिशेने वाहत होतं, आमच्यामागून आमच्याकडे.

चरातल्या पाण्यावरून उतार सांगणं हे गँगमनचं पहिलं शिक्षण. रेल्वेचा उतार डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. छत्तीस वर्षं मी हेच नव्या माणसांना शिकवलं. आणि त्या दिवशी अठरा किलोमीटर मी आकडे वाचत आलो.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"किती?"

"शंभर मीटरला दीड. दिसणार नाही, पण संपणारही नाही."

"म्हणजे पाय नव्हे, उतार होता."

"हो. चूक माझी."

"चूक मागाहून वाटून घेऊ," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट चढवलं.

पहिली दोन फाटकं ठीक गेली. तिसऱ्यापर्यंत बोलणं बंद झालं. ऊन चढलं. चौथ्या फाटकाशी पाणी संपलं. माझ्या बाटलीतलं दिलं. चौथं आणि पाचवं यांच्या मध्ये त्यांची सायकल वाकडीतिकडी जायला लागली, मग थांबली. उजव्या पोटरीत गोळा आला होता. त्या सायकलीच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

मी आजूबाजूला पाहिलं. गाई होत्या, माणूस नव्हता. मी जन्मात कामचुकारी खपवून घेतली नाही. तरी त्यांचा पाय बघून म्हणालो, "माझ्या सायकलवर बसा. शेवटच्या फाटकाशी परत बदलू. कोणाला कळणार नाही."

त्यांनी सायकल सरळ केली.

"व्याहीबुवा, बत्तीस वर्षं रजिस्टर भरलं. न गेलेल्या घरापुढे टिक कधी केली नाही. बाजूला व्हा."

सायकल हाताने ढकलत त्या चालू लागल्या. लंगडत, पण न थांबता, पाचव्या फाटकापर्यंत. मग पुन्हा बसल्या आणि राहिलेलं सगळं चालवलं. मी मागून मोटर बंद करून येत होतो. गुडघा दुखत होता, ते बरं वाटत होतं.

शेवटी केतन टाळ्या वाजवत उभा. "आई, लेजंड! छत्तीस!"

"नाही झालं," विहीणबाई म्हणाल्या. "पाचव्या फाटकाआधी चारशे बारा पावलं चालले."

"सो व्हॉट, आजी?" नुपूर म्हणाली. "इट स्टिल काउंट्स."

"नो वरीज, आई. आम्ही धरतो," केतन म्हणाला.

"तुम्ही धरा. मी धरत नाही."

चारुता वैतागली. "अगं, आम्ही हो म्हणतोय, साधी सायकल घे म्हणतोय, आणि तूच अडून बसलीस?"

"अट काय होती?"

"तूच घातली होतीस ती!"

"म्हणूनच."

सोमवारची सुट्टी होती. रविवारी त्या मॉटेलच्या खोलीत पायाला तेल चोळत बसल्या. दुपारी मला बोलावलं. टेबलावर चार बाटल्या होत्या. साखर, मीठ, लिंबू, उकळून गार केलेलं पाणी.

"पाच गावांतल्या बायकांना हे पाजायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "स्वतः चहा पिऊन चढावर निघाले. घ्या, चुकीतला अर्धा वाटा माझा."

सोमवारी सकाळी साडेसहाला पुन्हा त्याच रस्त्यावर निघालो. या वेळी मी पुढे, पडद्यावर रुमाल बांधलेला. डोळे चरावर. उतार सुरू झाला की हात वर करायचा. मग त्या पाय जवळजवळ सोडून द्यायच्या, सायकल आपली आपण जायची. तीन तरुण मागून येऊन पुढे गेले, एकाने "मॉर्निंग!" म्हटलं. फलाटावर चहा नाही. परतीला प्रत्येक फाटकाशी दोन घोट, फाटक लावायचं, पुढे. हलक्या गिअरवर, एकाच लयीत. मी एकदाच विचारलं, "पोटरी?"

"आहे जागेवर."

चौथं आणि पाचवं यांच्या मध्ये, परवाच्या जागी, त्यांनी खाली पाहिलं नाही. शंभराला दीड तसाच होता. परतायला दोन तास पन्नास मिनिटं लागली. अशा चढावर यापेक्षा घाई करणारा माणूस मी माझ्या गँगमध्ये घेतला नसता.

टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. केतन गाडीत सीट मागे टाकून झोपला होता, चारुता आणि नुपूर बेकरीत. विहीणबाईंनी सायकल कुंपणाला टेकवली, साखळीवरचा चिखल गवताने पुसला आणि मग काचेवर टकटक केलं.

"झालं," म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी स्पेनच्या सायकलवाल्याचा फॉर्म आला. प्रत्येकासाठी वेगळा. चारुता भराभर भरत होती. आईचा फॉर्म आला तेव्हा विहीणबाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. चष्मा लावला. एका बोटाने नाव टाइप केलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. उंची पाच फूट एक. सायकलचा प्रकार: इलेक्ट्रिक, साधी.

बाण चौकटीवर न्यायला त्यांना वेळ लागला. चारुताने हात पुढे केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "ही टिक मी करणार."